निळ्या गाडीतलं जुनं तेल

गाड्याही मनातलं बोलत, त्या काळातली ही गोष्ट. देवरुखला एका घरामागच्या शेडमध्ये एक निळी गाडी होती. तिचे मालक भास्करराव वारले, तेव्हापासून ती फारशी बाहेर पडलीच नव्हती. त्यांच्या पत्नी उमाताई तिला कधीमधी बाजारापर्यंत नेत, तेवढंच. गाडीच्या पोटात अजून भास्कररावांनी स्वतःच्या हातांनी ओतलेलं तेल होतं. त्या तेलाशी ती रोज त्यांच्याबद्दलच बोलत बसे.

एकदा तेल म्हणालं, "बाई गं, मला आता जाऊ दे."

"का? आपण चाललोच कुठे? न चालता कुणी झिजतं का?"

"बसूनही वय होतंच ना! जरासं तापायचं नि लगेच निवायचं, त्यानं अंगात पाणी धरतं. गाडी चालो न चालो, वर्षातून एकदा तरी तेल बदलावंच लागतं. मला आणखी ठेवलंस, तर तुझंच इंजिन खराब होईल."

"पण तू गेलंस, तर त्यांच्या हातचं माझ्याजवळ काय उरेल?"



पुढे उमाताईंचं बहिणीकडे गणपतीपुळ्याला जायचं ठरलं. त्याआधी तेल बदलायला मेकॅनिक आला, पण गाडीने तेल सोडायचा खालचा बोल्ट असा काही धरून ठेवला, की तो पान्याला दाद देईना. तेव्हा उमाताईंनी बॉनेटवर हात ठेवला. "मलाही जड जातंय गं," त्या हळूच म्हणाल्या.

बोल्ट सैल झाला. काळंभोर तेल भांड्यात उतरत गेलं, आणि मेकॅनिकने नवं तेल ओतलं.

सकाळी गणपतीपुळ्याच्या वाटेवर नव्या तेलाने विचारलं, "आधी तुला कोण चालवायचं?"

"सांगते," गाडी म्हणाली, आणि समुद्र दिसेपर्यंत सांगतच राहिली.