गड्यानं सांगितलेला मसाला

फार जुनी गोष्ट. तेव्हा म्हणे माणसं आजच्यापेक्षा शहाणी होती. मुळीच नव्हती, ऐका.

एका गावात म्हाताऱ्या वाण्याच्या दुकानात एक गडी होता. धणे पाखडायचा, मसाला कुटायचा, पुड्या बांधायचा. म्हातारा फाटक्या तोंडाचा. एकदा गड्याच्या हातून तेलाची बरणी फुटली, तर भर गिऱ्हाइकांसमोर त्यानं त्याचा उद्धार केला. ते गड्याच्या मनाला लागलं. त्यात घरी नुकतं मूल झालेलं, पगार तुटपुंजा. बायको म्हणायची, "शिव्या आणता त्या शिजवू का?"

राजधानीच्या पेठेत एका बड्या वाण्याला माणूस हवा होता. गडी गुपचूप तिकडं गेला.

पेठेतल्या वाण्यानं त्याला गादीजवळ बसवलं, गूळपाणी दिलं. गड्याला वाटलं, अर्धं काम झालं.

"सध्या कुठं आहेस?"

गड्यानं सांगितलं.

"तो मसालेवाला म्हातारा? आमच्या पेठेतल्या बायका तेवढ्यासाठी गाव ओलांडून जातात. तुला येतो का तो मसाला, की नुसत्याच पुड्या बांधतोस?"

हे गड्याला झोंबलं. "शेटजी, कुटायला मीच असतो!"

"असं सगळेच सांगतात."

"मग ऐका. खोबरं, तीळ, धणे तर कोणीही घालतं. दगडफूल आधी उन्हात, मग तव्यावर. आणि..."

इथं गडी अडखळला. पुढची गोष्ट म्हाताऱ्यानं पोटच्या मुलालाही सांगितली नव्हती. ह्याला सांगितली होती. पण समोर नोकरी दिसत होती.

"...मूठभर कारळं. कोरडी भाजून, सगळ्यात शेवटी."

वाण्यानं मान डोलावली. "हुशार आहेस."

"मग येऊ उद्यापासून?"

"छे रे बाबा! तुला ठेवला तर उद्या माझं दुकान कोणापुढं मांडशील?"

"अहो, पण तुम्हीच विचारलंत ना!"

"मी विचारणारच, वाणी आहे मी. सांगायचं की नाही, ते तुझ्याकडं होतं."

गडी निमूट परत आला आणि धणे पाखडायला बसला, जसं काही घडलंच नाही.

थोड्याच दिवसांत पेठेत मसाला विकायला आला. एका बाईनं पुडी आणून म्हाताऱ्यापुढं धरली. "काका, चाखून बघा. अगदी तुमच्यासारखा! आता मी कशाला एवढी पायपीट करू?"

म्हाताऱ्यानं चिमूटभर जिभेवर ठेवला. गडी सूप हातात धरून उभा राहिला. आता शिव्यांत आई-बाप निघणार, असं त्याला वाटलं.

म्हाताऱ्यानं त्याच्याकडं पाहिलं आणि हलक्या आवाजात म्हणाला, "घरी जा तुम्ही. उद्यापासून येऊ नका."

इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यानं गड्याला अहोजाहो केलं. नंतर त्या मुलखात एकाही वाण्यानं त्याला पायरी चढू दिली नाही.

तात्पर्य : विश्वासानं सांगितलेलं गुपित देऊन नोकरी मागू नये, घेणारा गुपित ठेवून घेतो, माणसाला हाकलतो.