अबोलीने न उच्चारलेला शब्द

समुद्राला लागून, सुरंगीच्या झाडांच्या गार सावलीत एक इवलंसं घर होतं. त्यात अबोली राहायची. नाव अबोली, पण बाईसाहेबांचं तोंड क्षणभर मिटेल तर शपथ! बाबा दूर बोटीवर कामाला. आई द्वारका सुरंगीच्या टपोऱ्या कळ्यांचे वळेसर, म्हणजे केसांत माळायचे गजरे, ओवून घर चालवायची.

आईला आठवा महिना लागला होता. महिनाभर ती खाली बसतच नव्हती. भिंतीला टेकून, उभ्या उभ्या ओवायची. दोन घास खाऊन ताट सारायची. "भूक नाही गो," म्हणायची. अबोलीला आईच्या मांडीवर डोकं ठेवून झोपायची सवय, आणि आता मांडीच नव्हती! फार लागलं होतं तिच्या जिवाला ते.

एका दुपारी दाराआड आई रडताना दिसली. "ही मूळव्याध कुणाला सांगू रे देवा? जेवलं की संडासला जावं लागतं, गेलं की रक्त. कशी सांगू, लाज वाटते. उद्या सकाळी ते औषध पिते आणि सुटते."

फळीवर एक काळी बाटली होती. ती विकताना बाजारातला कुणी फिरता औषधवाला म्हणाला होता, तीन दिवसांत मूळ उपटून टाकतो.

मूळव्याध! अबोलीला वाटलं, आईच्या आत कुठलंसं मूळ दुखतंय. मग नवीन आणायला नको? खुरपं घेऊन ती धावली आणि सगळ्यात मोठ्या सुरंगीखाली खणायला लागली.

"अगं अगं, माझ्या झाडाच्या पायाला गुदगुल्या का करतेस?"

फांदीवर अंगठ्याएवढी परी बसली होती. पंख पांढऱ्या पाकळ्यांचे, केस पिवळेधमक केसरांचे, आणि ती हलली की सोनेरी पराग भुरुभुरु उडायचा. अबोलीने हुंदके देत सगळं सांगितलं. परी हसली नाही. तिचा चिमुकला चेहरा गंभीर झाला.

"बाळा, ते झाडाचं मूळ नव्हे. बसायच्या जागेच्या शिरा सुजतात, त्याला तसं म्हणतात. पोटात बाळ असलं की पुष्कळ आयांना होतं. पण त्या बाटलीत काय आहे, कुणास ठाऊक! पोटातल्या बाळाला बाधलं तर? एक इच्छा माग. स्वतःसाठीही मागू शकतेस."

अबोलीला नवा झगा आठवला, निळा, चमचम टिकल्यांचा. तिने डोळे पुसले. "माझ्या आईला बसता येऊ दे."

परीने तिच्या तळहातावर सोन्याची कळी ठेवली. "ही उमलली की इच्छा पुरी होईल. पण नियम ऐक. दुखण्याचं नाव आईने स्वतः घ्यायला हवं, ज्याला खरा उपाय ठाऊक आहे त्याच्यासमोर. तू तो शब्द उच्चारायचा नाहीस. आणि त्याआधी बाटली उघडली, तर कळी सुकेल."

सकाळी आईने बाटली हातात घेतलीच. अबोलीने तिचा पदर धरला. "आई, प्यायच्या आधी उपकेंद्रातल्या मोंतेरोबाईंना दाखवू या ना! बाळाला विचारता येत नाही, निदान त्यांना तरी विचारू."

आईने पोटावर हात ठेवला. मग बाटली न उघडता पिशवीत टाकली आणि पायांत चपला सरकवल्या.

आरोग्य उपकेंद्रात नर्स मोंतेरोबाईंनी खुर्ची पुढे केली. "बस गो द्वारका. दोनदा तपासणी चुकवलीस."

"बरी आहे उभी."

"वजन घटलंय तुझं. जेवत नाहीस?"

आईने मान फिरवली. शब्द अबोलीच्या जिभेच्या टोकाशी आला होता! तिने कळी धरलेली मूठ तोंडावर दाबली. मग हळूच म्हणाली, "आई, मला तुझ्या मांडीवर बसायचंय गो."

आईचा बांध फुटला. "बाई, मला मूळव्याध झालीय."

मुठीतली कळी उबदार झाली.

"एवढंच ना? एकटीने सोसलंस होय वेडे!" मोंतेरोबाईंनी तिचा हात धरला. आईने पुढे केलेली बाटली मात्र हुंगून कपाटात बंद केली. "असलं काही पोटात घ्यायचं नाही, लावायचंही नाही. रक्त जातंय म्हणजे आधी डॉक्टरांना दाखवायचं, मी येते सोबत. मलम ते देतील तेच. टबात कोमट पाणी घेऊन दहा-पंधरा मिनिटं बसत जा, दिवसातून दोन-तीनदा. उपास बंद! भाजी, फळं, भरपूर पाणी, म्हणजे कुंथावं लागणार नाही. रक्तवाढीच्या गोळ्यांनीही पोट घट्ट होतं, पण मनाने सोडू नकोस, डॉक्टरांना विचारू. आणि झोपताना डाव्या कुशीवर."

कळी उमलली. परी खिडकीत उभी होती.

"शब्द गिळणं तुला किती जड गेलं, पाहिलं मी," ती म्हणाली. सोनेरी उजेड खोलीभर पसरला, सुरंगीचा वास दरवळला आणि त्या उजेडातच परी विरून गेली.

दुखणं एका दिवसात गेलं नाही, हं. पण दुसऱ्या आठवड्यात आई पोटभर जेवली, आणि पुढे गुटगुटीत भाऊ झाला. एका सकाळी आई कळ्यांची परडी घेऊन अंगणात आली, मऊ गोधडी अंथरली आणि सावकाश खाली बसली. एका मांडीवर बाळ होतं.

दुसरी मांडी थोपटत ती म्हणाली, "ये गो अबोली, ही तुझी."