शून्य आणे दुखणं

"सोळा आण्यांपैकी शून्य. माणूस धडधाकट आहे, तटावर दगड वाहायला पाठवा," असं वैद्यबुवा अनंतभटांनी भर दरबारात सांगितलं, आणि हैबती भोई कमरेत वाकलेला होता तसाच वाकून मुजरा करून बाजूला झाला.

कुंडलगडच्या राजाला तट लवकर बांधून हवा होता. ज्याला दगड उचल म्हणावं, तो आजारी निघायचा. खरा आजारी ओळखायला अनंतभटांनी दुखणं मोजायचा काटा तयार केला होता. प्रश्न चार: दुखतं का, झोप लागते का, घास उतरतो का, ओझं उचलवतं का. दर तक्रारीला चार आणे. बेरीज आठ आण्यांच्या खाली गेली की माणूस निरोगी. कुणी खोटं बोलू नये म्हणून प्रश्न महाराजांच्या समोर विचारायचे.

पालख्या वाहून हैबतीची कंबर कामातून गेली होती. पण महाराजांपुढे कुणी कसा आहेस विचारलं तर काय म्हणायचं, हे भोयांच्या पोरांना बोलायला लागल्यापासून शिकवलेलं असतं. तो चारही प्रश्नांवर म्हणाला, "महाराजांच्या कृपेनं बरं आहे."

त्याची बायको येसू राजवाड्यात दळण दळायची. पीठ लागलेल्या हातांनीच ती दरबारात आली. माझ्या धन्यानं एक दगड उचलला तर तो पुन्हा उभा राहायचा नाही, काटाच खोटा आहे, असं तिनं सांगितलं.

अनंतभट म्हणाले, "तीनदा काटा लावला. तिन्ही वेळा शून्य."

"तीनदा विचाराल तर तीनदा अदबीनं बोलेल तो. आजारी कोण, हे तुम्ही कशावरून ठरवता?"

"काट्यावरून."

"आणि काटा बरोबर, हे कशावरून?"

"आजारी माणूस बरोबर सापडतो त्यावरून."

वैद्यबुवांना आपल्या बोलण्यात काहीच वावगं वाटलं नाही.

महाराज हट्टी होते. त्यांनी फर्मावलं, की काटा निरोगी म्हणतो पण खुद्द वैद्यबुवा आजारी म्हणतात, असा एक माणूस उद्या दाखव. नाहीतर नवऱ्याच्या जोडीनं तूही दगड वाहा. दरबार हसला. काट्यावाचून वैद्यबुवा कुणाला आजारी म्हणणारच नव्हते.

दुसऱ्या दिवशी येसू एकटीच आली. महाराज डोक्यावरून शेला घेऊन, एक गाल झाकून बसले होते.

"वैद्यबुवा, पहाटे स्वयंपाकघरातून लवंगा कुटून नेल्यात, त्या कुणासाठी?"

"रोग्याचं नाव सांगत नसतात."

"नाव ठेवा तुमच्यापाशी. पण रोगी खरंच आजारी आहे ना?"

"म्हणजे काय! दाढ पिकलीय, गाल सुजलाय, पेजेशिवाय काही जात नाही."

"काटा लावलात?"

"काटा कशाला हवा? दिसतंय ना!"

मग सगळ्यांनाच दिसलं. येसूनं हात जोडले आणि त्या रोग्याला चार प्रश्न इथंच विचारावेत, अशी परवानगी मागितली. महाराज ताठ बसून अनंतभटांना म्हणाले, "विचारा."

"महाराज, कुठे दुखतं का?"

"आम्हाला? छे."

"झोप?"

"उत्तम."

"घास उतरतो?"

"दोन्ही वेळा."

"ओझं?"

"अख्ख्या राज्याचं उचलतो."

येसू म्हणाली, "शून्य आणे. महाराज, तटावर आमच्याबरोबर येणार, की मागून?"

आधी महाराजांचे खांदे हलले, मग शेला घसरला, आणि भोपळ्याएवढा गाल धरून ते हसायला लागले. हसलं की कळ यायची, कळ आली की "आई गं" म्हणायचे, आणि अनंतभटांचं तोंड बघून पुन्हा हसायचे.

हसणं ओसरल्यावर त्यांनी हुकूम दिला: यापुढे माणसाला त्याच्या घरी जाऊन विचारायचं, तो उठतो-बसतो कसा ते बघायचं, आणि त्याच्या बायकोलाही विचारायचं. हैबती सुटला. तुला काय हवं, असं त्यांनी येसूला विचारलं.

"धन्याला घरी न्यायला बैलगाडी द्या. चालवत नाही त्यांना."

"दिली," महाराज गाल दाबत म्हणाले. "आणि परत आणू नकोस. बैलही तुझेच."