तळ्याचं निम्मं पाणी

डोंगरांना अजून नावं नव्हती तेव्हा सूर्य तळ्यांकडून पाण्याचा कर घ्यायचा. एकदा एका लहान तळ्याकडून चुकून जास्तच पाणी गेलं.

पहाटे धुकं त्या पेंगुळलेल्या तळ्यापाशी आलं. "तळोबा, झोपा निवांत. तुमचं जास्तीचं पाणी मी परत आणतो."

त्यानं आणलं, पण निम्मं स्वतःच्याच अंगाशी धरलं. "ही माझ्या हेलपाट्याची मजुरी."

"हे आधी कुठे बोललास?" तळं चिडलं.

"विचारलं की! तुमच्या अंगावर तरंग उठला, तोच होकार समजलो."

"मग सूर्यालाच विचारतो."

सूर्य उगवला. गाऱ्हाणं ऐकून म्हणाला, "अरे, मी रोज तुझ्या दारावरून जातो. एक हाक मारायचीस! कुठे आहे तो धुकोबा?"

तिथे कुणीच नव्हतं. काठावरच्या गवतावरून राहिलेलं निम्मं पाणी थेंबथेंब तळ्यात परतत होतं.