ठिपकेवाल्या माशाचे पर

जंगलाच्या मधोमध एक तळे होते. त्या तळ्याच्या उथळ कडेला अंगभर ठिपके असलेला एक मासा आपल्या बायकोसह राहत असे. मुलांनो, माशाचे पर तुम्ही पाहिले आहेत ना? पाठीवर, पोटाखाली, शेपटीला आणि कल्ल्यांच्या मागे दोन्ही बाजूंना जे पातळ पातळ पडदे असतात, ते पर. या ठिपकेवाल्याचे बाजूचे पर चांगले रुंद होते. त्याच्या कुळाची रीतच तशी होती. बायकोने वाळूतल्या खळग्यात अंडी घातली, की तिने विसावा घ्यायचा आणि नवऱ्याने अंड्यांवर उभे राहून बाजूच्या परांनी वारा घालायचा. वारा म्हणजे पाण्याचाच, बरं का! ताजे पाणी खेळते राहिले नाही, वर गाळ बसला, की आतली पिल्ले गुदमरतात. म्हणून सात दिवस जागचे हलायचे नाही, खाणेसुद्धा जवळून वाहत येईल तेवढेच.

पाच दिवस त्याने हे काम मोठ्या मायेने केले. सहाव्या दिवशी सकाळी एक चंदेरी मासा तिथे आला. तळ्यात त्याच्याइतके वेगाने कोणी पोहत नसे, आणि ते सगळ्यांना सांगितल्याशिवाय त्याला चैन पडत नसे. तो म्हणाला, "काय हो पंखेवाले, पर मिळाले ते जागच्या जागी हलवायला का? अहो, पर म्हणजे वेग! बाजूचे पर अंगाशी मिटायचे, शेपटीचा फटका मारायचा, की गाठलाच तो पलीकडचा काळा दगड!" त्याच्यासोबत एक मिशीवाला मासा होता. त्याच्या पाठीच्या परात टोकदार काटा होता. तो म्हणाला, "वेगाचे काय घेऊन बसलास? पर म्हणजे काटा! कोणी गिळायला आले की ताठ उभा करायचा. बघू मग कसा गिळतो ते!" दोघेही खो खो हसले. ठिपकेवाल्याला ते फार लागले. तो म्हणाला, "मलाही पळता येते म्हटलं!" "मग चल की काळ्या दगडापर्यंत," चंदेरी मासा म्हणाला, "का बायको रागावेल?" झाले! एवढा टोमणा पुरला. बायको दूर वेलींच्या सावलीत विसावली होती. ठिपकेवाल्याने अंड्यांकडे पाहिले, "आलोच हं बाळांनो," असे म्हटले, आणि पर मिटून सुसाट सुटला. आता या वेड्याला काय म्हणावे!

आणि गंमत अशी, की तो जिंकला. काळ्या दगडाला त्याचेच तोंड आधी लागले. तो आनंदाने वळतो न वळतो, तोच मागून धपाक्, धपाक् असे आवाज आले. गव्यांचा कळप पाण्यात उतरला होता, तोही नेमका उथळ कडेला! बघता बघता पाणी गढूळ झाले. "अरे देवा, माझी अंडी!" असे ओरडत ठिपकेवाला माघारी धावला. पण खळगा दिसेल तर ना! वाळू चाचपत, दगडांना ठेचकाळत त्याने तो कसाबसा शोधला. अंड्यांवर गाळाचा थर बसला होता आणि त्याची बायको आपल्या चिमुकल्या परांनी एकटीच वारा घालत होती. "अहो, होतात कुठे तुम्ही?" ती रडवेल्या आवाजात म्हणाली. "चुकलो गं," एवढेच तो बोलला आणि त्याने दोन्ही पर पूर्ण उघडले. पाठोपाठ चंदेरी मासा आला. तो घाबरला होता. मदत करावी म्हणून त्याने जोराने शेपूट मारले, तर गाळ आणखीच उसळला. "शेपूट नको रे बाबा!" ठिपकेवाला कळवळून म्हणाला. "बाजूचे पर उघड. हळू. आणखी हळू. निजलेल्या बाळाला वारा घालतात तसा घाल." वेगाचीच सवय असलेल्या त्या माशाला हळू काही जमेना. पण तो गेला नाही, शिकत राहिला. एवढ्यात अंड्यांच्या वासाने एक खेकडा सरसावला. मागोमाग आलेला मिशीवाला मध्ये उभा राहिला आणि काटा ताठ करून म्हणाला, "खेकडेदादा, आल्या वाटेने परत जा."

दुसरा दिवस उजाडला तेव्हा पाणी नितळ झाले होते आणि ठिपकेवाल्याच्या परांच्या कडा फाटून चिंध्या लोंबत होत्या. कडेची काही अंडी पांढरी पडली होती. ती वाचली नाहीत. पण मधल्या अंड्यांत काळे काळे डोळे लुकलुकत होते, आणि दुपारपर्यंत त्यांतून पिल्ले बाहेर पडली. आईबापांना किती आनंद झाला म्हणून सांगू! एक धिटुकले पिल्लू चंदेरी माशाला म्हणाले, "काका, काका, पर कशासाठी असतात हो?" कालचा तो बढाईखोर ओशाळला. "मला विचारू नकोस राजा," तो म्हणाला, "तुझ्या बाबांना विचार. मीही त्यांच्याकडूनच शिकतो आहे." पिल्लू बाबांना शोधत खळग्यापाशी आले. ठिपकेवाला एकटाच तिथे उभा होता, आणि त्या पांढऱ्या अंड्यांवर आपल्या फाटक्या परांनी अजून हळूहळू वारा घालत होता. पिल्लू बाबांच्या शेजारी जाऊन उभे राहिले आणि आपले इवलेसे पर हलवू लागले.

तात्पर्य : आपल्या अंगचे गुण कशासाठी आहेत, हे शर्यत जिंकून कळत नाही, आपल्यावाचून ज्याचा जीव अडतो, त्याच्यापाशी थांबले म्हणजे कळते.