परतीची दहा मिनिटे

एका जिल्ह्याच्या रक्तपेढीची ही गोष्ट. पाच तालुक्यांतील रुग्णालये तिथल्या आणि एकमेकांकडच्या रक्तसाठ्याची यादी संगणकावर पाहत असत. त्या संगणकांच्या जाळ्याच्या तोंडाशी, बाहेरच्या घुसखोरांना अडवणारे, फायरवॉल नावाचे यंत्र होते. त्याची देखभाल तीन तासांच्या अंतरावरील शहरातून दिगंबर नाईकनवरे हे वृद्ध तंत्रज्ञ करीत. शर्वरी त्यांची शिष्या.

एका दुपारी यंत्रातील नेटवर्कचे पत्ते बदलायचे होते. रक्तपेढीने नवे आकडे पत्राने कळवून त्यासाठी अर्धा तास दिला होता. शर्वरीने पत्रातील सारे आकडे कागदावर लिहून दोनदा तपासले. ती कळ दाबणार, तोच सरांनी कीबोर्ड आपल्याकडे ओढला आणि यंत्राला आज्ञा दिली: दहा मिनिटांनी आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू हो.

शर्वरीने चमकून त्यांच्याकडे पाहिले. नवे बदल कायम करण्याआधी यंत्र पुन्हा सुरू झाले, तर ते जुन्याच रचनेवर येते; म्हणजे तिचे सारे काम पुसले जाणार. आपल्यावर विश्वास नाही, असेच तिला वाटले. तिने बदल लागू केले.

त्याच क्षणी यंत्राशी असलेला संपर्क तुटला. बाहेर जाणाऱ्या वाटेच्या पत्त्यात एक आकडा चुकला होता. आता यंत्रापर्यंत पोचायचे, तर तीन तास गाडीने जावे लागणार होते.

सहाव्या मिनिटाला एका तालुक्यातून डॉक्टरांचा फोन आला. बाळंतिणीचा रक्तस्राव थांबत नव्हता, दुर्मीळ गटाचे रक्त हवे होते आणि यादी उघडत नव्हती. शर्वरीने फोन सरांपुढे धरला. सरांनी फोन घेतला आणि शांतपणे सांगितले, "चार मिनिटं द्या. तोवर रक्तपेढीला फोन करून रक्ताचं शीतकपाट उघडून हाताने तपासायला सांगा."

दहाव्या मिनिटाला यंत्र बंद पडून पुन्हा सुरू झाले. जुनी रचना परतली, यादी उघडली. हव्या त्या गटाची पिशवी शेजारच्याच तालुक्यात होती. संध्याकाळी कळले, बाई वाचली.

शर्वरीने खालच्या आवाजात विचारले, "सर, माझी चूक तुम्हाला आधीच दिसली होती का?"

"नाही," सर म्हणाले. "तुझा कागद मीही तपासला होता. मला तो बरोबरच वाटला."

यंत्राशी संपर्क तुटला तेव्हाही बसला नव्हता, इतका धक्का तिला या उत्तराने बसला.

"चूक दिसली असती, तर ती आपण केलीच नसती," सर पुढे म्हणाले. "न दिसणाऱ्या चुकीसाठीच परतायची सोय करावी लागते, आणि तीही आधी. नंतर आपला हात तिथवर पोचत नाही. तुझ्यावर अविश्वास नव्हता, शर्वरी. तीस वर्षं मी हे स्वतःसाठीच करत आलोय."

दुसऱ्या दिवशी शर्वरीने दोघांनाही बरोबर वाटलेला तो कागद बाजूला ठेवला, रक्तपेढीतील माणसाला फोन लावला, मूळ पत्रातील एकेक आकडा मोठ्याने वाचायला सांगितला आणि कोऱ्या कागदावर सारे आकडे पहिल्यापासून लिहायला घेतले.