फॉरमॅट करायची?

एकदा एका वृद्ध वकिलांच्या हाताखाली शाल्मली नावाची तरुणी वकिली शिकत होती. त्यांचा अशील केरबा सनई वाजवणारा. त्याच्यावर देवळातल्या चोरीचा आळ होता. चोरीच्या वेळी तो साठ किलोमीटर दूर एका लग्नात वाजवत होता, आणि पुरावा एकच: लग्नाचे चित्रीकरण. फोटोग्राफरने ते पेनड्राइव्हवर दिले होते. स्वतःकडची प्रत त्याने केव्हाच पुसली होती.

सुनावणीला पाऊण तास उरला असताना शाल्मलीने न्यायालयातल्या संगणकाला पेनड्राइव्ह लावला. पडद्यावर सूचना आली: फॉरमॅट केल्याशिवाय ही डिस्क वापरता येणार नाही. फॉरमॅट करायची?

"करा ना, मॅडम," कारकून म्हणाला. "त्याशिवाय उघडायचा नाही."

दाराशी उभा केरबा तिच्याकडे टक लावून पाहत होता. तिचे बोट 'हो'वर टेकणार आणि पेनड्राइव्हवरचे सारे पुसले जाणार, एवढ्यात वकीलसाहेबांनी तिचा हात धरला, 'नाही' दाबले, पेनड्राइव्ह काढून खिशात टाकला आणि ते बाहेर चालू लागले.

"सर, वेळ नाही आपल्याकडे!"

चालता चालता त्यांनी फोटोग्राफरला फोन लावला. "फाइल कोणत्या संगणकावरून भरलीत?"

"मॅकवरून, म्हणजे ॲपलच्या संगणकावरून. त्याची मांडणी विंडोजला वाचता येत नाही."

समोरच्या लग्नपत्रिका छापणाऱ्याकडे मॅक होता. तिथे पेनड्राइव्ह लगेच उघडला. मांडव दिसला; मांडवात गाल फुगवून सनई वाजवणारा केरबा दिसला.

साहेबांनी आधी मॅकवर प्रत काढायला लावली. मग कोरा पेनड्राइव्ह आणवला. त्यावर नऊ जीबीची फाइल चढेना. त्याची जुनी मांडणी चार जीबीच्या वरची फाइल घेतच नव्हती.

"आता कर फॉरमॅट. हा कोरा आहे. एक्सफॅट मांडणी निवड, ती दोन्ही संगणकांना वाचता येते, मोठी फाइलही मावते."

आपण कोणता पेनड्राइव्ह निवडला आहे, हे तिने दोनदा पाहिले, मगच बटण दाबले. फाइल सावकाश चढू लागली. घड्याळात तेरा मिनिटे उरली होती.

"संगणकाने 'यात काही नाही' असे म्हटलेच नव्हते," साहेब हळूच म्हणाले. "'मला हे वाचता येत नाही,' एवढेच त्याचे म्हणणे होते. आपण न्यायाच्या कामातली माणसे. जे आपल्याला वाचता येत नाही, ते रिकामे समजून पुसायला निघालो, तर केरबासारख्यांनी जायचे कुठे?"

दुपारी केरबा सुटला.

पुढच्या महिन्यात दुसऱ्या एका खटल्यात शाल्मलीच्या बाजूची एक वृद्ध साक्षीदार आपल्या डोंगराकडच्या बोलीत भरभर बोलू लागली. कुणालाच काही उमजेना. "साक्षीदाराला सांगता येत नाही, असे लिहू का?" लेखनिकाने विचारले.

"थांबा," शाल्मली उठून म्हणाली. "आधी यांची बोली समजणारे कुणीतरी बोलवा."